माझ्या पित्ताचा बंदोबस्त

माझी पाळी जायला अजून बराच अवकाश होता, तेव्हाच आमच्या घरात तिच्या जाण्याची तयारी सुरू झाली. मला कुणी विचारलं नव्हतं. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. एका रविवारी सकाळी नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे माझी नणंद, आमच्या जेलरोडच्या घरी आली आणि चपला काढून सरळ स्वयंपाकघरात शिरली. तिच्या हातात दोन मोठ्या पिशव्या होत्या. एकीत शतावरी कल्प, धने, बडीशेप, काळे मनुके, गुलकंद आणि तिळाच्या तेलाची बाटली. दुसरी पिशवी रिकामी होती. ती माझ्या घरातल्या वस्तू न्यायला आणली होती, हे मला जरा वेळाने कळलं.

"चहापावडर कुठे ठेवतेस?" तिने विचारलं.

मी डब्याकडे बोट दाखवलं. तो डबा पिशवीत गेला. मग कैरीचं लोणचं, मग लसणाची चटणी, मग मी उन्हाळ्यात स्वतः भाजून कांडपाला नेलेला काळा मसाला. मी ओट्याला टेकून उभी होते आणि माझ्याच घरात झडती चालली होती.

"चाळिशी केव्हाच उलटली तुझी," ती म्हणाली. "पाळी जायच्या आधी चार-पाच वर्षं शरीर तयार करावं लागतं. पित्त आत्ताच शमवलं नाहीस तर पुढे फार भोगशील. तुझं तुला तरी कळतंय का, किती चिडतेस ते?"

माझ्या चिडण्याची बातमी तिच्या घरी, इंदिरानगरपर्यंत कशी पोचली, हे विचारायची गरज नव्हती. नवरा बाहेर पेपर वाचत बसला होता आणि पेपर त्याने नेहमीपेक्षा जरा वर धरला होता.

झालं होतं ते असं. सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा नवऱ्याने दवाखान्यात, बहिणीला, गावाकडे, सगळ्यांना सांगून टाकलं की मी आठ दिवस रजा घेणार. मला सर्वांत शेवटी कळलं, तेही जेवता जेवता. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. त्याच आठवड्यात दुरुस्तीला बंद ठेवलेला वीजनिर्मितीचा एक संच पुन्हा सुरू व्हायचा होता, आणि अशा वेळी बॉयलरच्या पाण्याचे नमुने तपासून तपासून आम्हाला जेवायलाही फुरसत नसते. नवरा ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. त्याला दिवाळीची सुट्टी होती.

"तुम्हाला सुट्टी आहे. तुम्ही थांबा ना," मी म्हणाले.

"डोळ्यात थेंब घालणं मला नाही जमत," तो म्हणाला आणि भातावर वरण वाढून घेऊ लागला.

मी माझं ताट अन्नासकट बेसिनमध्ये आपटलं. त्याने बहिणीला फोन करून जे सांगितलं त्यात रजा नव्हती, थेंब नव्हते. त्यात फक्त मी होते आणि माझं ताट आपटणं होतं. 'ती हल्ली फार चिडते,' एवढंच. तिथे माझ्या रागाचं पित्त झालं. आणि ताट आपटूनही शेवटी रजा मीच टाकली, थेंबही मीच घातले, हेही इथेच सांगून टाकते.

नणंदेने काही महिन्यांचा कसला तरी कोर्स केला होता. पंचवटीतल्या एका वयस्कर वैद्यबाईंची ती काही व्याख्यानं ऐकून आली होती आणि प्रत्येक वाक्याआधी 'आमच्या वैद्यबाई म्हणतात' असं म्हणायची. तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तिने चाळिशीनंतरच्या बायकांसाठी रविवारचे वर्ग सुरू केले होते. आहार, दिनचर्या, पथ्य, पाळी जाण्याची पूर्वतयारी. तिने माझ्या फ्रिजवर लॅमिनेट केलेला तक्ता चिकटवला. पहाटे उठून कोमट पाणी. अंगाला तिळाचं तेल. रात्रभर भिजवलेल्या धन्यांचं पाणी. दुधातून शतावरी. जेवणात मूग, दुधी, पडवळ, साजूक तूप. आंबट बंद, तिखट बंद, चहा बंद, शिळं बंद. दही रात्री तर नाहीच. संध्याकाळी सातच्या आत जेवण.

मी हे सगळं का ऐकलं, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. मी भित्री नाही. पण या एका बाबतीत मला भीती होती.

माझं माहेर इगतपुरीचं. वडील रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. आई अठ्ठेचाळीसची असताना तिच्या अंगाची आग व्हायला लागली. घरात तिला कोंडल्यासारखं व्हायचं. इगतपुरीचा पाऊस म्हणजे भिंतींना ओल सुटते, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, आणि अशा गारठ्यात आई पातळ लुगड्यावर घराबाहेर पडून फलाटाच्या अगदी टोकाच्या बाकावर वाऱ्याला बसायची. गाड्या यायच्या, जायच्या, ती बसून असायची. लोक येऊन वडिलांना सांगायचे, तुमची मंडळी फलाटावर बसली आहे, डोक्यावर परिणाम झालाय. आत्याने तिला एका देवऋषीकडे नेलं. तिथे तिला काय केलं ते तिने कधी सांगितलं नाही, पण तिच्या दंडावर वळ होते. मी कॉलेजात होते. मला सगळं दिसत होतं आणि मी लाजेने फलाटाकडे जायचंच सोडलं होतं. पुढे आई आपोआप शांत झाली, पण माझ्या डोक्यात ते वय तसंच बसून राहिलं. आपलंही असं होणार. लोक आपल्यालाही धरून नेणार. म्हणून नणंदेने तक्ता लावला तेव्हा मी तो फाडला नाही.

खोटं सांगणार नाही, पहिले दोन महिने मला बरं वाटलं. छातीतली जळजळ थांबली. तळपायाला तेल चोळून झोपलं की झोप लागायची. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, तीळ, मनुके या गोष्टींशी माझं भांडण कधीच नव्हतं आणि आजही नाही. माझं भांडण होतं ते तक्ता हातात घेऊन माझ्यामागे फिरणाऱ्या माणसांशी.

कारण हळूहळू घरात माझं कुठलंच म्हणणं म्हणणं राहिलं नाही. गॅसचा नंबर लावायला विसरलात, म्हटलं, तर नवरा विचारायचा, "आज धन्याचं पाणी घेतलं नाहीस का?" पुण्याला शिकणाऱ्या मुलीच्या हॉस्टेलचा प्रश्न निघाला आणि माझा आवाज चढला, तर तो शांतपणे म्हणाला, "कॅन्टीनमध्ये काहीतरी आंबट खाल्लेलं दिसतंय." हा माणूस एरवी कधी आवाज चढवत नाही. त्याला त्याची गरजच पडत नव्हती. मी काय बोलले याचं उत्तर द्यायचंच नाही, मी काय खाल्लं ते विचारायचं. भांडणातून सुटायचा इतका सोपा रस्ता कुठल्याही नवऱ्याला मिळू नये.

सासूबाईंना आमच्या पथ्याचा राग होता, कारण भाजीतलं तिखट गेलं होतं. त्या लासलगावकडच्या, हिरव्या मिरचीच्या ठेच्यावर वाढलेल्या. त्या स्वतःपुरता ठेचा वाटून घ्यायच्या आणि माझ्यासमोर बसून बाजरीच्या भाकरीबरोबर खायच्या. "तुला चालत नाय ना," म्हणायच्या आणि वाटी जरा जवळ ओढून घ्यायच्या. मला त्यांचा तो घास डोळ्यांदेखत हिसकावून घ्यावासा वाटायचा.

सात-आठ महिन्यांनी माझी पाळी बिघडली. आधी दोन महिने आलीच नाही आणि मग आली ती थांबेना. पाचव्या दिवशी मी नणंदेला फोन केला.

"चांगलं लक्षण आहे," ती म्हणाली. "साचलेली उष्णता बाहेर पडते आहे. अडवायची नाही. शरीर शुद्ध होतंय."

नवव्या दिवशी पुन्हा फोन केला. तिने एक अरिष्ट सांगितलं, दोन दोन चमचे, समभाग पाण्यातून. "आणि लगेच त्या डॉक्टरांकडे पळू नकोस," ती म्हणाली. "ते पिशवी काढून टाका म्हणतात, दुसरं त्यांना काही येत नाही."

तेराव्या दिवशी प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटल्या उचलताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी टेबल धरून उभी राहिले. बरोबरच्या बाईने विचारलं, तर म्हणाले, उपास आहे. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताईला विचारलंस ना? मग झालं तर."

सतराव्या दिवशी रविवार होता. त्या दिवशी नणंदेने मला वर्गाला बोलावलं. तिला मी तिथे हवी होते, कारण मी तिचं यश होते. मी नाही म्हणायला हवं होतं. अंगात नाही म्हणण्याएवढीही ताकद नव्हती, म्हणून गेले.

हॉलमध्ये वीस-पंचवीस बायका होत्या. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. नणंदेने मला पुढे, सगळ्यांकडे तोंड करून बसवलं. आधी ऋतूंबद्दल बोलली, मग विरुद्ध आहाराबद्दल, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ही माझी भावजय. वर्षापूर्वी हिला तुम्ही पाहायला हवं होतं. ताटं फेकायची. घरातल्यांना जवळ जायची भीती वाटायची. आज बघा, किती शांत झाली आहे."

बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी शांत होते हे खरंच होतं. माझ्या अंगात रक्तच उरलं नव्हतं.

"तूच सांग ना दोन शब्द," ती म्हणाली.

मी उठले. उठताना खालून गरम लोंढा आल्यासारखं झालं आणि मला कळलं की आता काही लपणार नाही. मागे वळून पाहिलं. पांढऱ्या खुर्चीवर रक्ताचं थारोळं होतं. पुढच्या रांगेतली एक बाई "अगं बाई" म्हणाली. नणंदेने क्षणभरसुद्धा वेळ घालवला नाही. टेबलावरचा पांढरा टॉवेल उचलून तिने खुर्चीवर टाकला आणि वर्गाकडे वळून बोलत राहिली.

"घाबरू नका. मी मागच्या वेळी सांगितलं होतं ना, साचलेलं पित्त असंच बाहेर—"

"सतरा दिवस," मी म्हणाले.

"तू बस जरा."

"सतरा दिवस माझं रक्त जातंय, ताई. पाचव्या दिवशी तुम्हाला विचारलं, नवव्या दिवशी विचारलं. तुम्ही म्हणालात, डॉक्टरकडे जाऊ नकोस. आता यांना सांगा ना. टॉवेल काढा आणि दाखवा यांना तुमची शुद्धी."

"घरच्या गोष्टी इथे नको," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"ताट फेकल्याची गोष्ट घरचीच होती. ती तुम्ही सांगितलीत."

माझा तोल गेला. मला धरलं ते नणंदेने नव्हे. तिसऱ्या रांगेतली एक सावळी, दणकट बाई उठून आली. मखमलाबादकडे तिची गुलाबाची शेती होती आणि तीही अंगातून वाफा निघतात म्हणून पहिल्यांदाच त्या वर्गाला आली होती. तिने खांद्यावरची शाल माझ्या कमरेला गुंडाळली.

"चला ताई, मी रिक्षा बघते," ती म्हणाली. मग नणंदेकडे वळून म्हणाली, "बाई, शिकल्या-सवरल्या ना तुम्ही? आमच्या गाईचं जरी असं झालं तरी आम्ही डॉक्टर बोलावतो."

नणंद तिथेच उभी राहिली. वर्ग सोडून ती माझ्याबरोबर आली नाही. ही गोष्ट मी विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. दोन बाटल्या रक्त चढवलं. सोनोग्राफीत गर्भाशयात मोठ्या लिंबाएवढी गाठ दिसली, शिवाय आतलं अस्तर जाड झालेलं. आतला तुकडा तपासायला पाठवला आणि अहवालाची वाट पाहण्यात आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. अहवाल चांगला आला, एवढं पुरे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून कागदावर चित्र काढून दोन्ही मार्ग समजावले. एक, औषधांवर रक्तस्राव आटोक्यात ठेवायचा आणि लक्ष ठेवत राहायचं. दुसरा, गर्भाशय काढायचं, बीजकोश ठेवायचे. दोन्हींचे फायदे-तोटे सांगितले. घाई नाही, विचार करून सांगा, म्हणाल्या.

नवरा खुर्चीत पुढे सरकला आणि म्हणाला, "आम्ही ताईशी बोलून कळवतो."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ताई म्हणजे कोण?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

सव्वीस वर्षांच्या संसारात मी या माणसावर पुष्कळ रागावले असेन, पण त्या खोलीत जे वाटलं ते वेगळं होतं. त्यात ताट आपटण्याचा जोर नव्हता. तो माझ्या शेजारी बसला होता आणि मला तो ओळखीचा वाटत नव्हता. मी चार प्रश्न विचारले, दोन दिवस विचार केला आणि दुसरा मार्ग निवडला. संमतीच्या कागदावर माझी सही मी केली. नातेवाइकाच्या सहीच्या जागी मुलीला पुण्याहून बोलावून तिची सही घेतली. नवरा बाहेर बाकावर बसून होता. त्याला वाईट वाटलं असणार. वाटू दे म्हटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नणंद दवाखान्यात डबा घेऊन आली. मुगाची पातळ खिचडी, वर तुपाची धार. मी तोंड भिंतीकडे केलं. ती रडायला लागली.

"मी काय वाईटासाठी केलं का गं? माझ्या वेळी मला कुणी विचारलंसुद्धा नाही. दोन वर्षं झोपले नव्हते मी. मिस्टर दुसऱ्या खोलीत जाऊन झोपायचे. तेव्हा कुणी मला नुसतं सांगितलं असतं ना, हे खा, हे कर, तरी माझा जीव वाचल्यासारखा झाला असता. तुझ्या वाट्याला ते येऊ नये म्हणून—"

ते खरं असेल. रडणंही खरं होतं, मला कळत होतं. पण तिने 'माझं चुकलं' हे दोन शब्द काही उच्चारले नाहीत. तिच्या रडण्यात तिची दोन वर्षं होती. माझे सतरा दिवस त्यात कुठेच नव्हते.

"डबा घेऊन जा," मी म्हणाले.

म्हणजे जिच्या निवृत्तीसाठी चार-पाच वर्षांचा तक्ता केला होता, ती पाळी एका मंगळवारी सकाळी कायमची गेली. घरी आले तेव्हा पहिल्यांदा फ्रिजवरचा तक्ता काढला. लॅमिनेट केलेला, तो फाटेना. दुमडून कचऱ्याच्या बादलीत कोंबला.

दीड महिना घरात पडून होते. सासूबाईंना माझं करावं लागत होतं आणि ते त्यांना मुळीच आवडत नव्हतं. एका दुपारी पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "माझी गेली तव्हा मी कांदे काढत व्हते. लय घाम यायचा, वाटायचं उनाचाच हाय. कधी गेली ते बी कळलं नाय. आमचं कुणी इचारलं नाय. तुमचं लय कौतुक."

मी म्हटलं, "आई, मग तुम्हाला त्रास झाला का तेव्हा? सांगा ना."

त्या दारापर्यंत गेल्या. मला वाटलं, बोलतील. "आता काय करायचं सांगून," म्हणाल्या आणि टीव्ही लावला. त्या दुपारी मला त्यांचा राग आला नाही, असं लिहिलं तर छान वाटेल. पण आला. आमच्यापैकी कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगितलं असतं, तर एवढं झालं नसतं, असं वाटून आला.

बरी झाल्यावर मी पंचवटीत गेले, भांडायला. 'आमच्या वैद्यबाई म्हणतात' मधल्या वैद्यबाई शोधून काढल्या. सत्तरी ओलांडलेली बारीक बाई, जाड भिंगांचा चष्मा, समोर वही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "मी तुला कधी पाहिलंय?"

"नाही."

"मग माझं औषध तुला कसं लागू पडेल? मी कुणाला तक्ते वाटत नाही. समोर बसलेल्या माणसाला विचारते, बघते, मग सांगते. आणि असा रक्तस्राव घेऊन कुणी आलं तर आधी सोनोग्राफी करून आण म्हणते. गेली पंचवीस वर्षं म्हणते आहे." त्यांनी चष्मा काढला. "आणि तू? पाणी तपासायची नोकरी करतेस म्हणालीस. सतरा दिवसांत स्वतःचं रक्त तपासून घ्यावंसं वाटलं नाही तुला?"

मी भांडायला गेले होते आणि तो शब्द मला जिव्हारी लागला. आजही लागलेला आहे. नणंदेवरचा, नवऱ्यावरचा राग मी नीट सांगू शकते. स्वतःवरचा तसा सांगता येत नाही.

वैद्यबाईंनी माझ्याकडून नंबर घेऊन माझ्यासमोरच नणंदेला फोन लावला. दोनच वाक्यं बोलल्या. "माझं नाव घेऊन वर्ग घ्यायचे नाहीत. आणि पुन्हा कुणाला डॉक्टरकडे जाऊ नको म्हणालीस, तर मी स्वतः तुझ्या हॉलमध्ये येऊन बोलेन." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. त्यांनी फोन ठेवला आणि मला बसायला सांगितलं. तासभर प्रश्न विचारले. झोप, भूक, तहान, पोट, पायात गोळे येतात का, कामाच्या वेळा काय, घरात कोण कोण. शेवटी विचारलं, "राग कशाचा येतो?"

त्या वर्षभरात हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला होता. मी सांगत गेले आणि त्या ऐकत होत्या. वहीत त्यांनी त्यातलं काही लिहिलं नाही.

"हे पित्त नव्हे," त्या म्हणाल्या. "याला माझ्याकडे औषध नाही. हे तुझं तुला घरी जाऊन बोलावं लागेल."

घरी जाऊन बोलले. नवऱ्याला समोर बसवून सांगितलं की यापुढे मी काय खाल्लं हे मला विचारायचं नाही. मी काही बोलले तर त्याचं उत्तर द्यायचं, नाहीतर उठून जायचं. तो म्हणाला, "मी तुझ्या काळजीनेच—" मी म्हटलं, "काळजी होती, तर सतराव्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" तेव्हापासून तो बराचसा गप्पच असतो. गॅसचा नंबर लावतो, आईला दवाखान्यात नेतो. आमच्यात फार बोलणं होत नाही आणि जे होतं ते निदान मुद्द्याचं असतं. हे सुख आहे की काय आहे, मला ठाऊक नाही.

याला आता दोनेक वर्षं झाली. बीजकोश हळूहळू थकत चालले आहेत. कधीकधी प्रयोगशाळेत भर दुपारी छातीतून जाळ निघतो, कपाळावर घाम फुटतो, कान लाल होतात. मी खिडकी उघडून उभी राहते. बरोबरच्या बायकांना मी काय होतंय ते सरळ शब्दांत सांगून टाकलं आहे. एक तरुण केमिस्ट बाई पहिल्यांदा ऐकून ओशाळली. आता तीच पंखा माझ्याकडे वळवून देते. दर सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंकडे जाते, वैद्यबाईंनी सांगितलेलं थोडंफार खाते, सकाळचा एक कप चहा घेते आणि महिन्यातून एकदा झणझणीत मिसळ. तर्री मागून घेते.

गेल्या मे महिन्यात सासरच्या गावी लग्न होतं. मांडवात बायकांना हळदीकुंकू द्यायचं काम नणंदेकडे होतं. रांगेने येता येता ती माझ्यासमोर आली. आजूबाजूच्या जावा, चुलत सासवा बघत होत्या. त्या सगळ्यांना अर्धीमुर्धी गोष्ट माहीत होती. तिने करंडा पुढे केला. मी कपाळ पुढे केलं.

"बरी आहेस?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

ती पुढच्या बाईकडे गेली. जेवायला हाक आली, तेव्हा ती ज्या पंगतीत बसली ती सोडून मी दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले.